अर्धं बोट

अशोक चौकामागं, माग विकल्यावर
घरात टाकीची मोटर तेवढी घरघरत राहिली.
पाचव्या दिवशी नळ यायचा.
नरसय्यामामा आधी ऑस्करची घागर बाजूला काढायचे,
मग आमच्या.

त्यांचं अर्धं बोट
(उरलेलं मागानं खाल्लेलं)
काचेला टेकलं, की मासा
खड्यांतून उठून थेट तिथं.
माझ्या धड पाच बोटांकडं
कधी बघितलं नाही त्यानं.

मामांना नेऊन आज अकरा दिवस.
दाणे फुगून तळाला बसलेत.
विड्या वळता वळता उठले,
तंबाखूचं बोट पेरात दुमडलं,
काचेला लावलं.

आला.
एका डोळ्यानं बघितलं.
वळून, दुसऱ्यानं.
गेला.

उद्या पाणी येईल.
पहिली घागर त्याची.