पोचा

पुण्याच्या दुकानाला कृती ग्रॅममध्ये हवी आहे.
फॉर्मवर सोळा रकाने, प्रत्येकापुढे छापील "ग्रॅ."
मापभर, ओंजळभर, बोटभर
लिहायला जागाच नाही.

म्हणून पवननगरच्या या ओट्यावर
रात्री साडेदहाला मी नवा काटा मांडते
आणि एकेक जिन्नस त्यावर चढवते,
साक्षीदार उभा करावा तसा.
पातळ पोहे: पाच लिटरचा डबा शिगोशीग,
आणि भार जेमतेम अर्धा किलो.
मीठ चमचाभरच, पण सहा ग्रॅम, ठाम.
पिठीसाखरेचं काही खरं नाही,
चाळली की एक बोलते, दाबली की दुसरंच.

तेलाचं मात्र मला ठाऊक होतं.
धंद्याच्या पहिल्या वर्षी
रविवार कारंजावरून लिटरभर शेंगदाणा तेल आणलं,
घरी तोललं, भरलं नऊशे बारा.
अठ्ठ्याऐंशी ग्रॅम खाल्ले म्हणून
तशीच तणतणत परत गेले.
घाणीवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.
"ताई, लिटर म्हणजे जागा. किलो म्हणजे भार.
हलकं असतं तेच जागा जास्त अडवतं.
माणसांत बघा."

तर अर्ध्या लिटरच्या मापाचे चारशे छप्पन्न.
लिहूनसुद्धा टाकलं. पेनने.

मग आठवलं की गेले दोन महिने
चिवडा कागदाला डाग पाडतोय.
गिऱ्हाइकं बोलली नाहीत काही,
फक्त अर्ध्या किलोवरून पाव किलोवर आली.
दोन महिने. म्हणजे ठकूबाई आव्हाड
लेकीकडे सिन्नरला गेल्या तेव्हापासून;
म्हणजे त्यांचं जुनं माप फळीवर गेलं
आणि भांडी बाजारातलं नवं आलं तेव्हापासून,
बुडाला सरकारी शिक्का असलेलं.

स्टूल घेतलं. जुनं माप काढलं.
काठोकाठ भरलं, काटा शून्यावर आणून तोललं.
चारशे एकोणतीस.
पुन्हा तोललं. चारशे एकोणतीस.
मग मापच दिव्याखाली फिरवलं:
कमरेपाशी एक पोचा,
लिंबू टेकेल एवढा.
सत्तावीस ग्रॅमचा. दोन मोठे चमचे.

सकाळी सिन्नरला फोन लावला.
"ठकूबाई, ते माप पडलं होतं का हो कधी?"
"पडंल कशाला? मीच हानला वरवंटा."
पलीकडे कोणीतरी नळ सोडला, बंद केला.
"पहिल्या दिवाळीला चिवडा घामेजायचा तुमचा.
सांगितलं आसतं तर तुम्ही वही काढली आसती."

काढली असती. खरं आहे.
अकरा वर्षं मी मापभरच तेल घातलं
आणि हात माझा चांगला, असं लोक म्हणाले,
आणि मी ते ऐकून घेतलं.

या गावात पूरसुद्धा दोनदा मोजतात.
धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत;
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला,
ते घराघरांत. आणि सामान हलवायचं की नाही
हे ठरतं ते मारुतीवर.

फॉर्मवरचे छप्पन्न खोडले, एकोणतीस केले.
खाली रकाना होता: मोजमापाचे साधन.
तिथे "काटा" लिहिलं. अगदीच खोटं नाही.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं होतं,
"नवं माप केवढ्याला पडलं?"
"दोनशे चाळीस."
"मग ऱ्हाऊ द्या. त्याला नका हानू.
तुम्हाला जागा नाही सापडायची."