सुकती

मी राखणदार. बारा वर्षं झाली
देवगडजवळच्या या कलमांच्या बागेत.
मालक बहादूर म्हणतो. नाव माझं खगेंद्र,
गाव नेपाळात, अछामला,
बस थांबते तिथून पुढे दीड दिवस चालत.

पहिल्या वर्षी मी समुद्राकडे पाठ करून झोपायचो.
एवढं पाणी, आणि त्याला एकही पूल नाही.
रात्रभर कुणीतरी पोती ओढत असल्यासारखा आवाज.
काम केलडी हाकायचं. डबा वाजवायचा, आरोळी द्यायची,
पेट्या मोजायच्या.
झाडांची ओळख नव्हती, आकडा होता:
चारशे बारा कलमं, त्यातली सव्वीस म्हातारी.

गेल्या दिवाळीनंतर बायको मुलांना घेऊन आली.
बिस्ना सात वर्षांची, जनक चार.
आठवड्यात दोघांच्या चपला हरवल्या.

आता गणवेश आंब्याच्या पेट्यांवर वाळतो.
एक वेणी बांधून होते, दुसरी राहते,
तोवर खालून तारींची सलोनी हाक मारते
आणि शाळेच्या आधी पोरी सुकती बघून येतात.
सुकती म्हणजे काय गं?
ओहोटी, बाबा. पण ओहोटी फक्त पुस्तकात असते.

कालवं खडकाला कशी धरून बसतात,
वाळूतले मुळे टाचेने कसे शोधायचे,
मला तिने शिकवलं.
आणि कुर्ली? "मागसून धर गो, मागसून!"
जनकने पुढून धरली होती.
अंगठा अजून दाखवत फिरतो, सगळ्या वाडीला.

धनेशही त्यांनीच दाखवला.
बारा वर्षं तो माझ्या डोक्यावरून जात होता,
मी चोर समजून डबा बडवत होतो.
बिस्नाने डबा काढून घेतला.
पंख ऐक, म्हणाली.
ऐकले. आभाळातून कुणी
सूप पाखडत चाललं होतं, सावकाश,
माझ्या आमाच्या हाताने.

बाईंनी वर्गात विचारलं, तुमच्याकडे समुद्र आहे का?
आहे, ही म्हणाली, पण उभा आहे. वर पांढरा फेस.
पोरं हसली. सलोनी हसली नाही.
मग बोटी घसरत असतील, म्हणाली.

झोपेत बिस्ना मालवणीत भांडते.
बायको विचारते, काय बोलतेय?
मी अर्धं सांगतो, अर्धं बनवून सांगतो.
जूनमध्ये मालक हिशेब करेल.
मग आम्ही जाऊ, किंवा नाही जाणार.
पोरीने विचारलेलं नाही. मीही विषय काढत नाही.

रविवारी सड्याच्या टोकाला फोन लागतो.
आमा पलीकडून ओरडते, ऐकू येत नाही तिला म्हणून.
तिच्या मागे म्हशीची घंटा.
एवढा वारा सुटलाय तिकडे?
वारा नाही आजी, समुद्र.
पाणी?
पाणी.
मग शेताला घेता?
नाही. खारट आहे.
तहान लागली तर?
नाही गं आजी, खारट!

घंटा दोनदा वाजली. म्हैस वळली असेल.
मग आमा म्हणाली,
मग एवढं ठेवलंय कशाला?

मी तोंड उघडलं. काही सुचेना.
बिस्नाने फोन माझ्या हातात दिला,
थांब म्हणावं तिला, विचारून येते,
आणि कड्याच्या पायवाटेने, एक वेणी सुटलेली,
खाली पळाली.