पट्ट्याची शेवटची वीत

शालन आत्याच्या चंचीत
सुपारी, चुना, आणि जुन्या स्पीकरातून काढलेलं
एक चुंबक.
एवढ्यावर तिनं वीस वर्षं ओळखलं
पितळ कुठलं आणि मुलामा कुठला.
आज ती पिकअप बघायला निघाली आहे,
तेच चुंबक घेऊन.

मिरज रोडला आडमुठ्यांचा अड्डा.
काचांवर खडूनं लिहिलेले भाव,
एका आरशाला अजून लिंबू-मिरची.
पांढरी, एमएच दहा, आरशासारखी चकचकीत.
सुकुमारशेठ बॉनेटवर थाप मारतात:
"एका हातची आहे, मावशी. नुसतं दूध वाहिलंय."
आत्या दारावर चुंबक टेकवते. चिकटतं.
जरा खाली, चाकाच्या कमानीशी टेकवते,
तिथून ते घसरून तिच्या तळव्यात परत येतं.
"हितं पत्रा न्हाय, लांबी हाय," ती मला सांगते.
"घासली असेल कुठं गोठ्याला," शेठ म्हणतात.
चालेल. घासणं चालतं.

मग ती आत चढते, सीटवर मांडी घालते
आणि पट्टा ओढते.
हळू, नाहीतर अडतो.
ओढतच राहते.
एवढा कुणी ओढत नाही,
ड्रायव्हर कितीही जाडा असो.
शेवटच्या वितीवर, जिथं उजेड पोचत नाही,
पिवळट काळी रेघ. सुकलेला गाळ.
बोटानं चोळून ती वास घेते.

ही नदी आम्ही दोघं ओळखतो.
शामरावनगरातल्या आमच्या वखारीच्या भिंतीवर
तिची अशीच रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर.
त्या साली आम्ही महिनाभर
फ्रीज, शिलाई मशीन, पिठाच्या गिरण्या किलोवर घेतल्या.
लोक भाव विचारत नव्हते.
आत्याच सांगायची, मोठ्यानं, दोनदा.

"पाण्यात नव्हती ना?" मी विचारतो.
"छे!"
आत्या पट्टा एकदम सोडत नाही.
हातात धरून, इंच इंच, आत जाऊ देते.
"बघतो म्हणावं," म्हणत उतरते.

दुसरी जतला, गुरुबसू बिराजदारांकडं.
बेदाणा वाहिलेली.
हौदाला गंधकाचा, गोडसर वास,
कोपऱ्यात चार मुंगळे,
अजून आशा न सोडलेले.
गंज उघडा. मागचा फाळका तारेनं बांधलेला.
पाट्यांत एक पाटा जादा घातलाय,
म्हणजे ओझ्याची सवय आहे.
चुंबक जिथं टेकवलं तिथं बसतं,
काढताना गंजाचा पापुद्रा घेऊन येतं.
आत्या बॉनेटवर पालथा हात ठेवते,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
गार. म्हणजे आमच्या आधी कुणी तापवून ठेवली नाही.
"आता मार."
दोनदा कण्हते, तिसऱ्यांदा धरते.
धूर काळा.
निळा असता तर आम्ही चहासुद्धा घेतला नसता.

पासिंग अकरा महिने. बँकेचा बोजा उतरलेला.
दोन लाख दहा, ते म्हणतात.
आत्या गाडीला एक फेरी मारते. मला ठाऊक आहे
ती काय करते आहे ते:
पत्रा इतका, बीड इतकं, तांबं थोडं, आजचा भाव.
"अंगाचंच साठ हजार होत्यात. वरचं काय ते बोला."
बिराजदार हसत नाहीत.
"अंगावर भाव करू नका, अक्का," ते म्हणतात,
"अजून श्वास चाललाय."

आत्या ओशाळते.
हे मी कधी बघितलं नव्हतं.
चंची सोडून ती त्यांच्यापुढं सुपारी धरते,
आणि मग कितीतरी वेळ
कुणी पैशाचं बोलत नाही.

एक लाख ऐंशीला गाडी आमची.
कवठे महांकाळच्या चढाला फाळका टाळ्या पिटतो.
मी पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितलेला आहे:
कोरडा, चिकट,
बेदाण्याचं एक देठ अडकलेलं.
राहू दिलं.
आत्या चुंबक डॅशबोर्डला लावायला बघते.
पडतं. पुन्हा लावते, पुन्हा पडतं.
"हे समदं प्लास्टिक," ती म्हणते,
"ह्याला कोण रुपाया देनार न्हाय,"
आणि ते मांडीवर घेऊन
झोपी जाते.