मेट

पोर्ट पिरीच्या शिसं गाळणाऱ्या कारखान्यात
मर्व ट्रेवार्था सगळ्यांना एकच हाक मारायचा.
मेट.
क्रेनवरच्याला मेट, मुकादमाला मेट,
गेटवर पसरलेल्या म्हाताऱ्या कुत्रीलासुद्धा.
नावं लक्षात ठेवायची कटकट नको, म्हणायचा,
आणि कुणी कुणाच्या वरचढ होत नाही.

शब्द त्याच्या पणजोबांच्याही कितीतरी आधीचा.
उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठी
सखल मुलखातल्या जर्मन बोलीतून इंग्रजीत उतरलेला.
तिथे त्याचा अर्थ इतकाच:
ज्याच्यासोबत आपण जेवतो, तो.
आवडता असो, नावडता असो,
एका भांड्यात हात घालणारा.
मैत्री नंतरची. आधी पंगत.
इंग्रजीत मांसाला जो शब्द आहे
तो याचाच भाऊबंद,
एके काळी साऱ्या अन्नाला पुरायचा.
पुढे अन्न आक्रसून मांस झालं
आणि पंगत पसरून दोस्ती.

मग तो जहाजावर हुद्दा होऊन बसला, कप्तानाच्या खालोखाल.
पाखरांच्या जोडीत शिरला, माणसांच्या संसारात शिरला.
बुद्धिबळाच्या पटावर याच आवाजाचा आणखी एक भेटतो,
तो याचा कुणी लागत नाही.
तो फारसीकडून आला, आपल्या 'मात'चा सख्खा,
राजा संपला एवढंच सांगणारा.
रक्ताचं नातं नाही, हे कोशात ठीक आहे.
शनिवारी रात्री दारूच्या गुत्त्याबाहेर
"काय बघतोस, मेट?"
असं कुणी सावकाश विचारलं
की दोघे एकाच आईचे वाटतात.

एरिट्रियाहून आलेल्या टेक्लेनं पहिल्याच आठवड्यात
वहीत टिपून ठेवलं होतं:
मेट म्हणजे मित्र.
आणि खाली, दुसऱ्या शाईनं:
पोलीस म्हणाला तर हात स्टिअरिंगवरच ठेवायचे.

संपाच्या अकराव्या आठवड्यात हॉर्स्ट रुडनिक कामावर गेला.
मुलीचा दमा, घराचा हप्ता,
कारणं होती, त्यानं सांगितली नाहीत.
संप मिटला. जेवणाच्या खोलीत
मर्वनं साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला
आणि म्हणाला, "घ्या, मिस्टर रुडनिक."
अगदी अदबीनं.
चौदा माणसांचं चावणं थांबलं.
त्या देशात यापेक्षा घाण शिवी
मला अजून सापडलेली नाही.

बावीस वर्षं मिस्टर रुडनिक.
बॉयलरमागच्या पत्र्याच्या आडोशाला बसून
तो एकटाच डबा खात राहिला,
अंड्याचं सँडविच, कधी मासा, कधी
नुसता पाव.

आता मर्व टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतो.
आधी गावांची नावं गेली, मग मुलांची,
मग चमच्याला काय म्हणतात तेही.
एक शब्द मात्र हलला नाही, शिशासारखा तळाशी.
बेरिलला तो पन्नास वर्षं 'लव्ह' म्हणायचा.
परवा तिलाही मेट म्हणाला.
"बढती झाली माझी," ती नर्सला म्हणाली,
आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

एका गुरुवारी रुडनिक आला.
टोपी हातात, डबा काखेत.
सँडविच मधोमध कापलेलं होतं.
मर्वनं अर्धं उचललं, त्याच्याकडे निरखून पाहिलं,
"चांगलंय, मेट."

बाहेर व्हरांड्यात रुडनिकनं बेरिलला विचारलं,
हे मोजायचं का?
बेरिल खोटं बोलणारी बाई नव्हे.
म्हणाली, सलाइनच्या खांबालाही तो मेटच म्हणतो, हॉर्स्ट.
रुडनिकनं मान हलवली. टोपी घातली.
गाडीत बसून थोडा वेळ किल्ली फिरवलीच नाही.

पुढच्या गुरुवारी त्यानं
डब्यात दोन भरली.