खोली नंबर अकरा

मुरारच्या सरकारी इस्पितळात, लसीच्या रांगेपलीकडे,
जिन्याखालची खोली.
एक टेबल, एक पंखा, खिडकीत कबुतरं,
आणि स्टीलचा ट्रे. त्यात मी रोज सकाळी
निरोध, गोळ्या, सुई, तांब्याची तार मांडून ठेवते,
हळदीकुंकवाचं तबक मांडावं तसं.

मार्चमध्ये रामबेटी आली, दोन पाकिटं घेऊन.
"मराठन मॅडम, गोली तो खाई थी."
खाल्ली होती.
नवरा मालनपूरहून घरी यायचा त्या रात्री.
शनिवारी एक. होळीला दोन.
आणि काळ्या?
काळ्या सासूला दिल्या, गुडघे दुखतात म्हणून.

हसू आलं, पण ते मी ट्रेखाली ठेवलं.
म्हटलं, गोळी त्याच्या येण्याजाण्याची नाही, बाई,
तुझ्या अंगाची आहे.
तो आला न आला, हिची वेळ रोज तीच, दिवेलागणीची धर.
एक राहिली तर आठवेल तेव्हा घे,
पुढची ठरल्या वेळीच.
काळ्यांमध्ये लोह असतं. तुझ्या रक्तासाठी.

ती ऐकत होती, चौथ्या महिन्याच्या पोटावर हात ठेवून.

नोव्हेंबरात परत आली. मांडीवर मुलगी,
तिसरी.
पदराच्या गाठीत मोजून आणलेला निश्चय :
"अब रोज खाऊँगी. कसम से."
मी दंडाला पट्टा बांधला. दीडशेच्या वर.
थांबून पुन्हा मोजला. तेवढाच.
आणि जी गोळी तिला इतकी नीट शिकवली होती
तीच तिच्या हातातून काढून घेतली.
जी जावेला चालली ती तुला चालेलच असं नाही, म्हटलं,
जोडासुद्धा आपण पायात घालून बघतो.

तिनं तार उचलली. उजेडात धरली.
"यह कलेजे तक चढ़ जाती है, कहते हैं."
कागदावर मी उलटा पेरू काढला,
पेरूत इंग्रजी टी.
बघ, म्हटलं, इथून काळजाला रस्ता नाही.
पहिले काही महिने पाळी जास्त जाईल, पोट दुखेल,
ते आधीच सांगते, नंतर मला शिव्या देऊ नकोस.
नको वाटली तर ये, काढून देऊ.
ती बराच वेळ पेरूकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "और उनके लिए कुछ नहीं है इसमें?"

आहे.
आमच्या ह्यांनी करून घेतलं होतं, ऋजुतानंतर.
टाका नाही, वीस मिनिटं.
आठवडाभर सायकल बंद,
आणि तीन महिने निरोध, तपासणीचा कागद हातात येईपर्यंत.
सासूबाई शेवटपर्यंत नवस बोलत राहिल्या
माझ्या कुशीसाठी.
हे पेपर वाचत राहिले. मी पोळ्या लाटत राहिले.
अठरा वर्षं या खोलीत बसून
हे मी एकीलाही सांगितलं नव्हतं.
रामबेटीला सांगितलं.
ती पदर तोंडाशी धरून हसली, मग हसायची थांबली.

तार बसवून घेतली. मी कार्डावर तारीख लिहिली :
सहा आठवडे. धागा बघायचा.

दिवसभर मी हे सगळं हिंदीत बोलते, खणखणीत,
दाराबाहेरच्या बाकालासुद्धा ऐकू जाईल असं.
लष्करातल्या आमच्या घरातल्या मराठीत
याला शब्द नव्हता. आईचा आवाज फक्त खाली यायचा :
"काळजी घेता ना?"
एवढंच. घेतो, म्हणायचं, आणि ताटं घ्यायची.

माघात ऋजुताचं लग्न आहे.
ट्रे घरी नेता येत नाही.
संततिनियमन म्हटलं तर भिंतीवरची पाटी बोलल्यासारखं वाटतं,
आणि काळजी म्हटलं तर
तिला वाटेल, मी थंडीबद्दल बोलतेय.
टेंपोत बसले की रोज पहिलं वाक्य जुळवते.
फूलबागेपर्यंत येतं.
मग कुणीतरी चढतं, सरकून बसावं लागतं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.