तलाठी

टेकडी इथे संपते, असं बिल्डर म्हणाला होता.
ती संपत नाही. नुसती आमच्या कुंपणापाशी
थोडी दम खाते आणि पुढे सरकते.
बावधन, तळमजला, मागे जाळी,
जाळीला एक भोक, बोक्याच्या खांद्यांएवढं.

बोक्याचं नाव तलाठी. सुनंदानं ठेवलं,
कारण रोज साडेसहाला तो हद्द मोजायला निघतो.
पाण्याची टाकी, शेवग्याचं खोड,
मेहेंदळ्यांची गंजलेली लूना, मग ते भोक.
तिथे थांबून पलीकडच्या गवताला
बराच वेळ काहीतरी विचारतो.

गवत सहसा उत्तर देत नाही.

मे महिन्यात दिलं.
आधी नाक आलं, मग उरलेलं मुंगूस,
सुईतून दोरा ओढावा तसं लांबत लांबत.
लहानपणी आम्ही त्याला रामाची शपथ घालायचो
तोंड दाखव म्हणून. यानं न मागता दाखवलं,
लालसर डोळे, आणि कुठेतरी पोचायची घाई.
तलाठ्याची शेपटी बाटली घासायचा ब्रश झालेली.
मी खिडकीत, हातात गाळणी, चहा उतू चाललेला,
आणि घशातून हाड्‍सुद्धा निघेना.
एकाच टेबलावर बदली होऊन आलेल्या दोन कारकुनांसारखे
ते एकमेकांकडे बघत राहिले.
मग मुंगूस कुंड्यांमागून निघून गेलं
आणि हा खाली बसून पंजा चाटू लागला,
प्रकरण आपणच निकाली काढल्यासारखा.

श्रावणात रात्री दोनला आंबेमोहर शिजल्याचा वास.
सुनंदा उठून बसली, म्हणाली, भात कोणी टाकलाय?
पत्र्यावर धपधप. सकाळी अंगणभर पपईच्या बिया.
उदमांजर. नावात मांजर आहे,
तलाठ्यानं निदान नातं तरी काढायचं.
तो माझ्या चादरीत शिरला
आणि उजाडेपर्यंत बाहेर आला नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या.
फोटोत अंधार, अंधारात दोन ठिपके.
आठनंतर मांजरं आत, मुलं आत, कचरासुद्धा आत.
तलाठी गजांशी बसून रात्रभर रडगाणं गायला.
चौथ्या दिवशी कळलं,
ठिपके कुणाच्यातरी कुत्र्याचे होते.
तरी आम्ही अजून आठवडाभर घाबरून घेतलं.

एवढी सगळी त्याची काळजी.
पायपुसण्यावर मात्र वेगळीच नोंदवही.
सापसुरळीची शेपटी, अजून वळवळणारी.
बुलबुलाचं पीस, बुडाशी लाल.
एक बेडूक, उताणा.
मी हे सगळं केरसुणीनं लोटत आलो होतो,
दाराबाहेरच्या पेपरकडे बघत.

त्या सकाळी लाव्याचं पिल्लू होतं.
सुपारीएवढं, थुंकीनं ओलं, जिवंत.
बुटांच्या खोक्यात कापूस घातला,
ड्रॉपरनं पाणी. चोच उघडली नाही.
टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या खिलारेबाईंना
जाळीपलीकडून हाक मारली.
त्यांनी खोक्यात बघितलं, मग पायरीवर
उन्हात पसरलेल्या तलाठ्याकडे,
आणि विचारलं,
जनावर तुमचंच का हे?

आदल्या आठवड्यात बिबट्यालाही त्या
जनावरच म्हणाल्या होत्या. त्याच आवाजात.

दुपारी खोकं हलकं वाटलं,
खरं तर तेवढंच वजन होतं.
शेवग्याखाली खड्डा चमच्यानंच झाला.

संध्याकाळी पक्कड आणि तार घेऊन
मी भोक बुजवायला बसलो.
साडेसहाला तलाठी आला, शेजारी टेकला,
काम तपासायला आलेल्या साहेबासारखा.
तार वीतभर कमी पडली.
अजून आणावी का, असा विचार करत होतो
तोच पलीकडे गवत हललं, वारा नसताना.
आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली,
आणि हातातली पक्कड
का कोण जाणे,
मी पाठीमागे लपवली.