ओर्तोना, डिसेंबर

रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम.
रस्ता जर्मन मशीनगनचा.
म्हणून आम्ही भिंतींतून चाललो,
उंदरांसारखे, घरातून घरात.

ह्रिंचुक मूळचा एडमंटनचा गवंडी.
भिंतीवर बोटं वाजवून सांगायचा,
"ही पोकळ. हिला थोडी दारू पुरे."
आणि दर वेळी, वात पेटवण्याआधी,
विटांवरून एकदा हात फिरवायचा.

पाचव्या घरात कोंचेत्सिया.
गाव पळालं, ती नाही.
तिनं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, उराशी धरलं,
पलीकडे बोट दाखवून म्हणाली, सोरेल्ला.
बहीण.
ह्रिंचुकनं निम्मी दारू काढून घेतली.

धूळ बसायला वेळ लागला.
भगदाडापलीकडे तेच नाक, तीच हनुवटी,
चुन्यानं पांढरी,
मांडीवर घेवड्याचं पातेलं.
एकवीस वर्षांचा अबोला,
हे दुभाष्यानं नंतर सांगितलं.
तेव्हा फक्त कोंचेत्सियाचा आवाज चढला:
"पातेलं माझं आहे!"

आम्ही वाकून दोघींच्या मधून गेलो,
बंदुका सावरत, माफी मागत.

पुढची भिंत दगडी.
ह्रिंचुकनं कान लावला.
पलीकडे कुणीतरी खोकलं.
खोकल्यावरून कळेना, कोण.